तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजीच्या तासाला मराठी बोलावं का?

मराठी माध्यमातल्या मुलांना किंवा मोठ्यांना इंग्रजी शिकवायला घेतलेले लोक हा प्रश्न हमखास विचारतात, आणि विचारताना जरा अपराधी वाटत असतं. वर्गात मराठी निघाली म्हणजे आपण कुठेतरी कमी पडलो, असं त्यांच्या मनात कुणीतरी भरवलेलं असतं. माझं उत्तर असं: बोला, पण मोजून बोला आणि ठरलेल्या जागीच बोला. त्या जागा कोणत्या, तेवढं नीट समजून घ्यायला हवं.

इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावी, हा आग्रह फार जुना आहे. 1961 साली युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद झाली, तेव्हा त्याला तत्त्वाचं रूप आलं. पुढे 1992 मध्ये भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी मकेरेरेची अशी पाच तत्त्वं घेऊन ती भ्रम आहेत असं मांडलं, त्यातला पहिलाच भ्रम हा. वेल्समध्ये भाषाशिक्षणाचे अभ्यासक सी. जे. डॉडसन यांनी 1967 मध्येच द्विभाषिक पद्धत मांडली होती. म्हणजे मातृभाषेचा आधार घेणं ही खेड्यातल्या शिक्षकाने काढलेली पळवाट नाही, ती विचारपूर्वक मांडलेली पद्धत आहे. तिला शिस्त मात्र लागते.

पहिली जागा नव्या वाक्याच्या अर्थाची. नवं वाक्य आधी इंग्रजीत म्हणा. लगेच हलक्या आवाजात, एकदाच, त्याचा मराठी अर्थ द्या. मग तेच वाक्य पुन्हा इंग्रजीत, पहिल्यापेक्षा ठळक. "आय हॅव रन आउट ऑफ मिल्क", "दूध संपलंय माझ्याकडचं", "आय हॅव रन आउट ऑफ मिल्क". मधला अर्थ शब्दाला शब्द नको, घरात आपण जसं बोलू तसा हवा. मग मुलांनी वाक्य तीन-चारदा म्हणायचं आणि एकेक शब्द बदलत जायचं: मिल्कच्या जागी शुगर, आयच्या जागी वुई. एका तासाला अशी पाच-सहा वाक्यं पुरतात.

इथे एक चूक फार होते. शिक्षक प्रत्येक इंग्रजी वाक्यामागे मराठी लावतात, रोज, त्याच वाक्याला. आठवड्याभरात वर्गाला कळतं की इंग्रजी ऐकायची गरजच नाही, दोन सेकंद थांबलं की मराठी येतेच. कान बंद होतो तो तिथे. म्हणून नियम असा ठेवा की एका वाक्याचा मराठी अर्थ आयुष्यात एकदाच. दुसऱ्या दिवशी मुलं अडली तर चित्र दाखवा, हातवारे करा, वर्गातल्याच कुणाला अर्थ विचारा, पण स्वतः पुन्हा सांगू नका. आणि "पुस्तक उघडा", "जोडीत बसा", "मोठ्याने वाच", "कळलं नाही, परत सांगा" अशी रोजची वीसेक वाक्यं पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच ठेवा, भिंतीवर लावून. ती रोज लागतात, त्यामुळे अर्थ आपोआप कळतो.

दुसरी जागा व्याकरणाची. ही माझ्या मते सर्वांत मोलाची, आणि मराठी येणाऱ्या शिक्षकाची खरी श्रीमंती इथेच आहे. परदेशात छापलेलं पाठ्यपुस्तक जगातल्या सगळ्यांसाठी एकच असतं. मराठी माणूस नेमका कुठे आणि का अडखळतो, ते त्यात सापडत नाही.

"अ" आणि "द" घ्या. मराठीत असे शब्द नाहीत, म्हणून मुलांना ते कळणारच नाहीत असं समजून पानभर नियम पाठ करून घेतले जातात. पण तो भेद मराठी माणूस रोज करतो, फक्त वेगळ्या साधनाने. फळ्यावर दोन वाक्यं लिहा: "आम्ही मुलगा शोधतोय" आणि "आम्ही मुलाला शोधतोय". सगळा वर्ग हसेल, कारण पहिल्यात लेकीच्या लग्नाची खटपट आहे आणि दुसऱ्यात ठरावीक पोरगा हरवलाय. पहिला "अ बॉय", दुसरा "द बॉय". मग दुसरी जोडी: "टेबलावर पुस्तक आहे" आणि "पुस्तक टेबलावर आहे". पहिल्यात पुस्तकाची आता ओळख होतेय, "देअर इज अ बुक ऑन द टेबल". दुसऱ्यात कोणतं पुस्तक ते दोघांनाही ठाऊक आहे, "द बुक इज ऑन द टेबल". मराठी हे काम "ला" लावून आणि शब्दांची जागा बदलून करते, इंग्रजी छोटे शब्द लावून करते. सात-आठ मिनिटं मराठीत खर्च करा, पुढचा महिना सुकर होईल. नद्यांच्या नावाआधी "द" का आणि गावांच्या आधी का नाही, याला मात्र हा आधार पुरत नाही. ते वापरानेच अंगवळणी पडतं, तसं मुलांना स्पष्ट सांगा.

दुसरी अडचण "काल मी मुंबईला गेलो होतो" या वाक्याची. त्यावरून थेट "आय हॅड गॉन टू मुंबई येस्टर्डे" होतं, आणि शिकलेली माणसंही तसं लिहितात. मराठीतला "होतो" सांगतो की जाऊन आलो, गोष्ट संपली. इंग्रजीतला "हॅड" सांगतो की आणखी एका जुन्या घटनेच्या आधीच ती झाली होती. वाक्यात "हॅड" आला की विद्यार्थ्याने स्वतःला विचारायचं, "कशाच्या आधी?" उत्तर नसेल तर "हॅड" खोडा आणि "वेंट" लिहा. दहा वाक्यं द्या, त्यांतल्या दोनांतच "हॅड" बरोबर असू द्या. सगळ्यांत बरोबर असला तर मुलं विचार न करता भरतात.

"मला दोन भाऊ आहेत", "माझ्याकडे गाडी आहे", "माझं घर आहे". मराठीत तीन तऱ्हा, इंग्रजीत तिन्हींना एकच "आय हॅव". हे तीन ओळींत मांडलं की "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" बरंचसं कमी होतं. विभक्तीचंही तसंच. "माझ्यावर रागावला" म्हणून "अँग्री ऑन मी", "तिच्याशी लग्न केलं" म्हणून "मॅरीड विथ हर". अशा जोड्यांचा एक तक्ता वर्गाने मिळून वाढवत न्यावा, आठवड्याला तीन-चार. एकदम तीस दिल्या तर एकही राहत नाही.

प्रश्नांत क्रम महत्त्वाचा आहे. "तू कुठे जातोयस?" मध्ये मराठी शब्द जागचे हलत नाहीत, म्हणून "व्हेअर यू आर गोइंग?" येतं. "आर" पुढे आणायला शिकवलं की दोनेक आठवड्यांनी उलटी चूक सुरू होते: "आय डोन्ट नो व्हेअर इज ही". ही प्रगतीची खूण आहे, घाबरू नका. नियम लागू करायला शिकलेत, आता तो कुठे थांबतो ते दाखवायचं.

"जेवला नाहीस?" याला आपण "हो, नाही जेवलो" म्हणतो. हो म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर. इंग्रजीत "येस" म्हटलं की "जेवलो" असा अर्थ होतो. फोनवर, दवाखान्यात, मुलाखतीत यामुळे खरा घोटाळा होतो. तोड सोपी आहे: नुसतं येस किंवा नो म्हणून थांबायचं नाही, "नो, आय हॅवन्ट" असं शेपूट लावायचंच.

तसंच मराठीत आदर "तुम्ही"त असतो, "जरा" आणि "ना" मध्ये असतो. "जरा पाणी द्या ना" किती मऊ आहे. त्याचं "गिव्ह मी वॉटर" झालं की सगळा मऊपणा गळून पडतो आणि बोलणाऱ्याला पत्ताही नसतो. म्हणून "कुड यू" हा "तुम्ही"चा भाऊ आहे, असं सांगून पहिल्याच महिन्यात शिकवा.

उच्चारात सगळंच सुधारायला जाऊ नका. आपला ट जिभेचं टोक मागे वळवून निघतो, इंग्रजांचा वरच्या दातांमागच्या हिरडीवरून. त्याने अर्थाचा घोटाळा होत नाही. "थिंक"चा थ आपला असला तरी बहुतेक वेळा समजतो. तिथे वेळ घालवू नका. वेळ द्यायचा तो तीन गोष्टींना.

एक, व. आपला व इंग्रजी डब्ल्यू आणि व्ही या दोघांच्या मधला आहे, त्यामुळे "वेस्ट" पश्चिम की बनियन, हे समोरच्याला कळत नाही. डब्ल्यूसाठी तोंड "ऊ" म्हणताना होतं तसं गोल करून सुरू करायचं, ओठांना दात लागता कामा नये. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून आवाज तीन सेकंद लांबवायचा, ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. "व्ह" लिहिल्याने मुलं त्यात ह मिसळतात, तेवढं बघा.

दोन, शब्दारंभीचा प, ट, क. मराठीत प आणि फ वेगळे आहेत, म्हणून इंग्रजी प आपण अगदी कोरडा काढतो आणि परदेशी कानाला "पिन" चक्क "बिन" ऐकू येते. वहीच्या पातळ कागदाची पट्टी ओठांपुढे धरा. "पिन" म्हणताना ती हलली पाहिजे, "स्पिन" म्हणताना हलता कामा नये. ओठ पूर्ण मिटून थोडा श्वास सोडायचा. दात लागून फॅनसारखा आवाज झाला तर तो चुकला.

तीन, आघात. यावर सर्वांत जास्त वेळ द्या. "फोटोग्राफ"मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर, "फोटोग्राफर"मध्ये दुसऱ्यावर, "फोटोग्राफिक"मध्ये तिसऱ्यावर. जाड रबरबँड दोन्ही हातांत धरून जोराच्या जागी ताणायचा, बाकी ठिकाणी सैल. शब्दांवर इंग्रजी देवनागरीत लिहून घेण्याची सवय इथे नडते. आपल्या लिपीत प्रत्येक अक्षराला पूर्ण मान आहे, त्यामुळे "व्हेजिटेबल" चारही अवयवांवर सारखा जोर देऊन म्हटलं जातं आणि शेवटाला टेबल अवतरतं. पहिले काही दिवस आधाराला देवनागरी असू द्या, मग इंग्रजी शब्दावरच जोराच्या जागी ठिपका द्यायची सवय लावा.

वाक्यातला आघात शिकवताना पुन्हा मराठी धावून येते. आपला "च" आठवा. "मीच काल आलो", "मी कालच आलो", "मी काल आलोच". ज्या शब्दाला आपण च जोडतो, त्या शब्दावर इंग्रजी आवाज चढवते. "आय केम येस्टर्डे ओन्ली" आपल्याकडे चालून जातं, बाहेर कानाला खटकतं. "ओन्ली" न लावता "येस्टर्डे"वरच वजन टाकायचं. मराठी च-वाली वाक्यं द्या आणि मुलांना ती इंग्रजीत फक्त आवाजाने म्हणायला लावा. दहा मिनिटांचा खेळ आहे, आणि तासाला याच्याइतकं चैतन्य दुसऱ्या कशाने येत नाही.

तिसरी जागा गटात काम करताना. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर आणि मद्रासच्या शाळांत व्याकरणाऐवजी कोडी, नकाशे, वेळापत्रकं यांवर वर्ग चालवून पाहिले. ते आपल्या गर्दीच्या वर्गांतही जमतं. बसचं एक वेळापत्रक करा, एकाकडे सुटण्याच्या वेळा, दुसऱ्याकडे पोहोचण्याच्या. कागद एकमेकांना दाखवायचा नाही, विचारून भरायचा. आधी फळ्यावर तसंच दुसरं वेळापत्रक घेऊन सगळ्या वर्गाबरोबर पाच-सहा प्रश्नोत्तरं करा. ही पायरी गाळली की वर्ग गोंधळतो आणि दोष मुलांना दिला जातो. कामाचे नियम पहिल्या वेळी मराठीत सांगा, अर्ध्या मिनिटात संपतात. मुलांनी आपसात विचार मराठीत केला तरी रागावू नका, पण कागदावर आणि उत्तर देताना इंग्रजीच. काम किती अवघड असावं? प्रभूंचा अंदाज वापरण्याजोगा आहे: निम्म्या वर्गाला निम्मं तरी जमायला हवं. त्याहून कमी जमलं तर काम सोपं करा.

सगळं मिळून साठ मिनिटांच्या तासात मराठी दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. पहिल्या महिन्यात पंधरा चालतील. मोजायला सोपं जावं म्हणून फोनवर एखाद्या तासाचं ध्वनिमुद्रण करून ऐका. आपण स्वतः किती बोललो, हेही त्यात कळतं.

आता एक अडचण, जी हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. इथवर मी मराठी ही मुलांच्या घरची भाषा धरली. गडचिरोलीत घरी गोंडी किंवा माडिया बोलणारं मूल, नंदुरबारच्या डोंगरातलं भिली किंवा पावरी बोलणारं मूल, यांना मराठी हीच शाळेत शिकलेली भाषा असते. 2000 सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे ही मुलं दोन्ही भाषांना एकदमच तोंड देतात. तिथे अर्थ मराठीत सांगून काम होत नाही, उलट ओझं वाढतं. वरच्या वर्गातलं घरची भाषा बोलणारं एखादं मूल शेजारी बसवा आणि मधला अर्थ त्याला सांगू द्या. नुसता अर्थ नको, वाक्यही त्यांच्याकडून घ्या: "तुमच्या घरी हे कसं म्हणतात?" ते फळ्यावर लिहा, शेजारी इंग्रजी लिहा. "आम्ही मुलगा शोधतोय" हे उदाहरण तिथे चालेल याची खात्री धरू नका. त्यांच्या भाषेत तो भेद कशाने होतो, ते मुलांनाच विचारून काढा. वस्तू समोर ठेवा, कृती करून दाखवा, आणि वाक्यं पाच-सहाऐवजी तीनच घ्या.