खारपाणपट्ट्यात आठ फुटी समुद्र

मी कुलरवाला. अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात फेब्रुवारी ते जून कुलर बनवतो, बाकीचे महिने कपाटं, दारं, पडेल ते काम. आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. कुठंही बोअर मारा, पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. त्या पाण्यानं पत्र्याच्या कुलरचा तळ दोन उन्हाळ्यांत चाळणी होतो. म्हणून काही वर्षांपूर्वी मी तळाला आतून फायबर मारायला लागलो. काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, तिला रेझिन, म्हणजे वाळून टणक होणारं चिकट रसायन, पाजायचं, वाळलं की वरून अजून एक थर. त्यातला एकही कुलर अजून गळतो म्हणून परत आलेला नाही. घरात समुद्री माशांची टाकी बांधायचं खूळ इथूनच शिरलं. पत्र्यावर टिकतं तर प्लायवर का नाही टिकणार?

आणि समुद्राचेच मासे का, तर शाळेच्या सहलीत मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. मरीन ड्राइव्हवरचा समुद्र मला तेव्हा फारसा आवडला नाही, मळकट वाटला. काचेमागचा मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

टाकीचं माप प्लायनंच ठरवलं. शीट येते आठ बाय चारची, म्हणून लांबी आठ फूट. रुंदी अडीच, उंची अडीच, पाणी सत्तावीस इंच. हिशेब केला तर साधारण १२०० लिटर. प्लाय १९ एमएम, बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, मरीन. इथं पैसे वाचवू नका. साध्या प्लायला एका स्क्रूच्या भोकातून ओल शिरली की तो पापडासारखा फुगतो, हे मी लोकांच्या किचन ट्रॉल्यांमध्ये रोज पाहतो.

सगळी टाकी काचेची केली असती तर पाच जाड काचा आमच्या रस्त्यांवरून आणाव्या लागल्या असत्या. प्लायमध्ये फक्त पुढची एक काच. पुढच्या बाजूला खिडकीसारखी चौकट कापायची आणि काच आतून लावायची, म्हणजे पाणीच तिला चौकटीवर दाबून धरतं. बाहेरून लावली तर तेच पाणी तिला ढकलून देईल. माझी काच सात बाय दोन फूट, १९ एमएम, वजन बासष्ट किलो. चौघांनी उचलली.

दाबाचा हिशेब गावात कुणालाच पटला नाही. पुढच्या बाजूवर जवळपास ५८० किलोचा रेटा येतो, आणि टाकी अडीच फूट रुंद असो की पंचवीस फूट, तो तेवढाच राहतो. उंची वाढवली की मात्र झपाट्यानं वाढतो. धरणाची भिंत खाली जाड असते ती याचसाठी. म्हणून मी टाकीच्या वरच्या काठाला चारही बाजूंनी पट्टी आणि मधे दोन आडव्या पट्ट्या दिल्या. त्या नसत्या तर आठ फुटांत पुढची बाजू पोट काढून उभी राहिली असती.

त्याआधी जमीन. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. घरातल्या फरशा दर दोन वर्षांनी तिरप्या होतात. त्यावर दीड टनाच्या आसपास वजन ठेवणं म्हणजे पाय स्वतःच मोडून घेणं. दिवाणखान्याचा एक कोपरा अडीच फूट खणला, मुरूम भरून कुटला, वर सळईचं काँक्रीट घातलं. माय उंबऱ्यात उभी राहून पाहत होती.

"आता घरातच हौद बांधतं का बाप्पा? ढोरं बी आतच आननार हायेस का पानी पाजाले?"

फायबर मारलं एप्रिलमध्ये, आणि ही चूक झाली. कुलरच्या तळाला अर्धा किलो रेझिन पुरतं. इथं घाईत दोन किलो एकाच मगात कालवलं, ते घट्ट करणारा हार्डनर नेहमीच्या मापानं. बाहेर त्रेचाळीस डिग्री. अर्धी भिंत होते न होते तोच मगातलं रेझिन दह्यासारखं झालं, मग धूर, मग प्लास्टिकचा मगच खाली बसला. उचलून अंगणात फेकला. रेझिन वाळतं ते स्वतःच्याच उष्णतेनं, आणि जितकं जास्त एका ठिकाणी, तितकं जास्त तापतं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला उठून अर्धा-अर्धा किलोनं काम केलं. अजून एक गोष्ट, जी मला माझ्या पहिल्या दुकानदारानं दरडावून सांगितली होती: कोबाल्ट (रेझिन लवकर वाळावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर कधी थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवायचं, हार्डनर नंतर.

कोपऱ्यात मॅट काटकोनात बसत नाही, मागे हवा धरते. म्हणून रेझिनमध्ये टाल्कम पावडर कालवून पुट्टी केली, बोटानं कोपरे गोल केले आणि मग चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचे थर दिले. सपाट जागी दोन, सांध्यांवर तीन. लोखंडी रोलरनं हवा काढताना मनगटं गेली. खाज आठवडाभर. माझे कपडे आमच्या हिनं काठीनं उचलून वेगळे टाकले.

मग काच सिलिकॉननं बसवली. बुरशीनाशक घातलेलं सिलिकॉन चालत नाही, मासे मरतात. आठ दिवस थांबलो आणि बोअरचं पाणी भरलं. रात्री नऊला टाकी भरली, सकाळी सहाला उजव्या खालच्या कोपऱ्यातून थेंब. दहापर्यंत धार. सगळं उपसलं.

दोष माझाच होता, आणि दुहेरी. फायबरच्या पॉलिस्टर रेझिनच्या गुळगुळीत पाठीवर सिलिकॉन नीट धरत नाही. कुलरला काच नसते, त्यामुळे ही गोष्ट मला कधी कळायचीच नव्हती. दुसरं, सिलिकॉन हवेतली ओल पिऊन वाळतं, आणि आमच्या मे महिन्याच्या हवेत ओल कुठून येणार? आठ दिवसांनीही आतल्या बाजूला व्हिनेगरसारखा वास होता, म्हणजे ते अजून कच्चंच होतं. सगळं ब्लेडनं खरवडलं, चौकट साठ नंबरच्या पॉलिश पेपरनं घासली, ॲसिटोननं पुसली, इपॉक्सीचे (हे वेगळ्या जातीचं, जास्त घट्ट धरणारं रेझिन) दोन हात दिले, तोही वाळल्यावर हलका घासला आणि मग नवं सिलिकॉन. या वेळी खोलीत माझाच कुलर लावला, खिडक्या बंद करून, तीन आठवडे. घरात अशी दमट हवा की पापड मऊ पडले. पण टाकी गळली नाही. आज पुन्हा करायची झाली तर आख्खी टाकीच इपॉक्सीची करीन. महाग पडतं, पण लाकूड धरतं आणि सिलिकॉनही धरतं.

आता पाण्याची गोष्ट. शेजारचे काका रोज विचारत, "अबे, तुह्या बोअरमंदीच समुद्र हाय, मीठ कायले इकत आनतं?"

प्रश्न वाटतो तितका खुळा नाही. माझ्या मीटरवर आमच्या बोअरचं टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, २४०० येतं. समुद्राचं पस्तीस हजाराच्या घरात. आम्ही ज्याला खारं म्हणून आयुष्यभर शिव्या घातल्या ते समुद्रापुढं गोडच म्हणायचं. शिवाय समुद्रात नुसतं मीठ नसतं, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असं बरंच काही ठरलेल्या प्रमाणात असतं. आमच्या पाण्यात खार आहे पण तो हिशेब नाही. घरचं मीठही म्हणूनच चालत नाही. मत्स्यालयाचं तयार मीठ लागतं, लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबानं बेचाळीस किलो.

आणि ते कालवायला लागतं शुद्ध पाणी. नळाला शहानूर धरणाचं येतं, पण त्याच्यासाठी बाया हंडे घेऊन उभ्या असताना मी बाराशे लिटर माशांसाठी घ्यायचं, हे मनाला पटेना. आरओ लावलं तर जितकं शुद्ध तितकंच किंवा त्याहून जास्त वाया. शेवटी थांबलो. पाऊस येऊ दिला. अंगणात बारा बाय अठरा फुटांची ताडपत्री ताणली, मधे खोलगट, खाली ड्रम. पत्र्याच्या छपराचं पाणी मुद्दाम घेतलं नाही, त्यातलं जस्त समुद्री जिवांना बाधतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. माझी ताडपत्री वीस चौरस मीटरची, म्हणजे साठ मिलिमीटर पाऊस पुरे. पहिल्या दोन सरी सोडून दिल्या, धुळीच्या. जुलैत तीन झडींत ड्रम भरले. मीटरवर टीडीएस १४. त्या आकड्याचा मी फोटो काढून ठेवला आहे. आमच्या गावात असं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं.

मीठ कालवलं, पंप लावला आणि चिमूटभर सुका झिंगा टाकला, आठवडी बाजारातला. तो कुजतो, अमोनिया होतो, जो माशांना विष आहे. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं कमी बाधणारं नायट्रेट. हे जिवाणू वस्तीला यायला महिना-दीड महिना लागतो. तोवर रिकाम्या टाकीला दिवा लावून मी समोर बसायचो. लोक येऊन विचारायचे, मासे कुठी हायेत? मी म्हणायचो, येऊन रायले.

क्लाउनफिश दोनच आणले, कृत्रिम पैदाशीचे. मुंबईहून ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या डब्यात, रात्रीच्या अमरावती एक्सप्रेसनं मूर्तिजापूरपर्यंत आणि पुढं मोटारसायकलवर मांडीत धरून. प्रवाळ आणले नाहीत, आणणारही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते संरक्षित आहेत, आणि कुणी "गुपचूप देतो" म्हणत असेल तर त्याला टाळा.

खरी परीक्षा गेल्या मे महिन्यात झाली. बाहेर पंचेचाळीस आणि टाकीत अठ्ठावीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. पाणी थंड करायचं यंत्र, चिलर, परवडला नाही. पाण्यावर पंखे लावले, रोज वीस-बावीस लिटर उडून जायचं आणि तेवढं थंडावायचं. शेवटी टाकी म्हणजे मोठा कुलरच. फक्त उडतं ते पाणी, मीठ मागं राहतं. म्हणून भर घालायची ती साठवलेल्या पावसाच्या पाण्याची, मिठाच्या नाही. लाइट गेली की पंप इन्व्हर्टरवर. आमच्या बेडरूमचा पंखा त्या काळात इन्व्हर्टरवर नव्हता, हे घरात अजून काढलं जातं.

परवा संध्याकाळी माय टाकीजवळ खुर्ची ओढून बसली होती. वरच्या पट्टीच्या एका स्क्रूभोवती पांढरं काहीतरी फुटलेलं तिला दिसलं. पदरानं पुसलं, बोट जिभेला लावलं.

"इथं बी लोना लागला, बाप्पा."

आमच्या भिंतींना लागतो तोच, खाराचा पांढरा थर. स्क्रूवरचं फायबर कुठंतरी तडकलं असणार. येत्या रविवारी पाणी सहा इंच उतरवून तेवढा भाग घासायचा आणि इपॉक्सी मारायची आहे. पहाटे पाचलाच.