पाच कार्डांची गिटार

"गिटार शिकायची म्हणजे बोटं दुखणारच." हे वाक्य मी चार महिने मंत्रासारखं म्हणत होते. बोटं दुखलीच. पण मग मनगटही दुखायला लागलं, उजवा खांदा कानाला जाऊन टेकायला लागला, तेव्हा कुठे शंका आली.

वय ४९, उंची चार फूट अकरा इंच. ऑनलाइन मागवलेली गिटार ४१ इंची, ड्रेडनॉट आकाराची, म्हणजे चांगली मोठ्या पोटाची. ती मांडीवर घेऊन बसले की मी कुंपणावरून शेजाऱ्यांकडे डोकावतेय असं दिसायचं (हे मुलीचं मत). एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम अनेक तारा दाबून वाजवायचा सुरांचा गुच्छ) धरला की तारा नुसत्या "थड्" म्हणायच्या.

गिटार माळ्यावरच जायची. पण आमच्या बँकेच्या शाखेत कॅशला बसणारा मुलगा रविवारी वाजवायला जातो, त्याच्याजवळ रडगाणं गायले. तो म्हणाला, "मॅडम, ॲक्शन किती आहे?"

ॲक्शन म्हणजे फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या दांडीपासून) तार किती उंच आहे ते. मोजायचं बाराव्या फ्रेटवर, जाड तारेखाली. घरातल्या पट्टीवर ते नीट वाचता येईना. मात्र मुदत संपलेली एटीएम कार्डं होती (माझीच, बँकेतली नव्हेत). एक कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचं असतं. तारेखाली एकावर एक सरकवत गेले. पाच गेली, तीही आरामात. म्हणजे जवळजवळ चार मिलिमीटर! त्याच्या गिटारला तीन जातात, तिसरं जरा घासूनच. चार महिने मी स्वतःच्या बोटांना दोष देत होते.

फेब्रुवारीतला चौथा शनिवार, बँक बंद. डोंबिवलीहून सीएसएमटी, तिथून चालत धोबी तलाव, पर्समध्ये पाच कार्डं. दुकानात पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेच आला, "मुलासाठी का?" नाही हो, माझ्यासाठी.

आधी नायलॉनच्या तारांची क्लासिकल दिली. नवशिक्यांनी हीच घ्यावी असं जो तो सांगतो. तारा मऊ आहेत, खरंच. पण तिची मान नटपाशी (वरच्या टोकाला, जिथल्या खाचांत तारा बसतात तिथे) ५२ मिलिमीटर रुंद, स्टीलच्या तारांवाल्या गिटारची ४३ च्या आसपास. नऊ मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाहीत. जी कॉर्डला जाड तारेपर्यंत बोट न्यायला गेले आणि तळहात मानेखालीच अडकला. लांब बोटांच्या माणसाला तीच गिटार सुखाची वाटेल, माझ्या आखूड बोटांना नाही.

मग एक लहान अंगाची, कमरेत बारीक अशी स्टीलच्या तारांची मिळाली. हात नसलेल्या स्टुलावर ती घेऊन दहा मिनिटं नुसती बसले. मला वाजवता येत नव्हतंच, पण खांदा जागेवर राहतोय का ते तर कळतं! राहिला. पहिली तार पहिल्या फ्रेटवर दाबली, मग पाचव्यावर. पहिल्यावर फारच जोर लागला तर नटच्या खाचा उंच आहेत असं समजायचं. इथे फारसा फरक नव्हता. कार्डं मात्र चार गेली.

दुकानातल्या कारागिराने ब्रिजमधली (गिटारच्या पोटावर तारा अडकवतात तिथली) पांढरी पट्टी काढून खालून घासली. (सतारवाले घोडी म्हणतात, तिचंच हे भावंड.) बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणून तिथे एका कार्डाएवढी उंची उतरवायची तर पट्टी दोन कार्डांएवढी घासावी लागते. हे त्याने बोटांनी दाखवलं आणि मला बेहद्द आवडलं. बाराच्या तारा काढून दहाचा सेट घातला, म्हणजे सर्वांत बारीक तार इंचाच्या हजार भागांपैकी दहा भाग जाडीची. "आवाज थोडा पातळ येईल," तो म्हणाला. येऊ दे. माझं ऐकायला सध्या मुलगी आणि कुकर एवढेच आहेत.

बोटांची टोकं पुढचे तीन आठवडे दुखली, मग घट्टे पडले. मनगट एकदाही नाही.

आता जुलै आहे. परवा सहज कार्डं घालून बघितली, तर चौथंही निम्मं आत जातंय. दमट हवेने लाकूड फुगलंय. एफ पाचातून तीनदा लागतो. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की पुन्हा मोजेन, तोवर पट्टीला हात लावू नका असं कॅशवाल्याने बजावलंय.