ताजचा वेगळा फोटो? आधी अंतर ठरवा

"ताजमहालाचे इतके फोटो निघालेत, त्यात तुम्ही नवीन काय काढता? जागा कुठली ती सांगा ना." माझे फोटो पाहून झाले की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखादी गुप्त गच्ची हवी असते. तशी गच्ची माझ्याकडे नाही. आणि कोणी न पाहिलेल्या कोनाचं म्हणाल, तर कंपनी सरकारच्या नोकरीतले डॉक्टर जॉन मरे 1850च्या दशकातच कागदी निगेटिव्ह घेऊन ताजचे फोटो काढत होते. त्या शर्यतीत आपण फार उशिरा आलोय.

मी कोन शोधत नाही, अंतर शोधते. जमिनीवर आडवं पडून, कॅमेरा तिरका धरून काढलेले फोटो पहिल्यांदा बघताना गंमत वाटते, पण दुसऱ्यांदा बघावेसे वाटत नाहीत. अंतराचं तसं नाही.

थोडं गणित करू. ताज कळसापर्यंत साधारण 73 मीटर उंच आहे आणि मुख्य दरवाजापासून सुमारे 300 मीटरवर आहे. तुम्ही दरवाजापाशी आणि मैत्रीण तुमच्यापुढे 7 मीटरवर उभी असेल, तर फोटोत ती आणि ताज जवळपास एकाच उंचीचे येतील. ती 3 मीटरवर आली की ताज तिच्या निम्म्याहूनही कमी. झूम करून हे प्रमाण बदलत नाही, झूम फक्त चौकट आवळतो. प्रमाण बदलायचं तर पाय हलवावे लागतात. आता दोन किलोमीटर मागे जा. मैत्रीण तुमच्यापासून 45 मीटर लांब असली तरी तिची आणि ताजची बरोबरी होते. म्हणजे तुमच्या आणि तिच्यामध्ये एक अख्खी गल्ली मावली, आणि त्या गल्लीमागे ताज मात्र डोंगरासारखा उभा.

कळस चिमटीत धरलेल्या फोटोला लोक नाकं मुरडतात. मला तो आवडतो! पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे अंतरानुसार वस्तू लहानमोठ्या दिसणं, त्याहून सोप्या रीतीनं कुणीच शिकवत नाही.

दोन किलोमीटर म्हणजे जवळजवळ आग्रा किल्ल्यातून. 1658 नंतर औरंगजेबानं शाहजहानला ठेवलं ते याच किल्ल्यात. तिथल्या मुसम्मन बुर्ज या अष्टकोनी मनोऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर ताज नुसत्या डोळ्यांना इवलासा दिसतो. फुल फ्रेम (जुन्या 35 मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर 300 मिमीची लांब लेन्स लावून आडवी फ्रेम घेतली, की तो तिची जवळपास अर्धी उंची व्यापतो. नदीचं पात्र, धुरकट हवा, मधली झाडी, सगळं त्याच्या पायाशी गोळा होतं. अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरींचा 1983 सालचा फोटो आठवा: पुढे वाफेचं इंजिन आणि त्याच्यामागे ताज. तो बघताना ताजच्या बरोबरीनं रेल्वेचं शहर आग्रा दिसतं. मला नवीन वाटतं ते हे. ताज तोच आहे, शेजारी कोण उभं आहे ते बदललं.

आता उजेड. यमुनेपलीकडच्या मेहताब बागेत जा, असं सगळेच सांगतात. कधी जा, ते सांगत नाहीत. तिथून ताजची उत्तरेकडची बाजू दिसते आणि डिसेंबर-जानेवारीत त्या बाजूवर थेट ऊन पडतच नाही, कारण सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो. त्या दिवसांत तिथून छायाकृतीच काढायची, मग घुमटाची रेषा झकास येते. संगमरवरावर ऊन हवं असेल तर जूनच्या आसपासची पहाट किंवा संध्याकाळ गाठा. तेव्हा सूर्य ईशान्येला उगवतो, वायव्येला मावळतो आणि तिरपा उजेड त्या भिंतीवर येतो. घाम निघतो, पण इलाज नाही.

धुक्यात काढायला मला सगळ्यांत जास्त आवडतं. कॅमेऱ्याला मात्र पांढरं पाहवत नाही. पांढरा दगड आणि पांढरं धुकं बघून तो दोन्ही करडं करून ठेवतो, म्हणून एक्सपोजर साधारण एक स्टॉप वाढवते, म्हणजे दुप्पट उजेड घेते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची सेटिंग, ऑटोवर ठेवत नाही. पहाटे संगमरवरावर जी गुलाबी झाक येते, तीच नेमकी ऑटो धुऊन टाकतो. डेलाइट, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या सेटिंगवर ठेवलं की ती राहते. हे मोबाइलच्या प्रो मोडमध्येही जमतं, तेव्हा कॅमेरा कुठला हा प्रश्न विचारू नका.

वाइड लेन्स वर उचलून धरली की मिनार आत झुकलेले दिसतात, मग लोक ते सॉफ्टवेअरमध्ये ओळंब्यात आणतात. जरा बेतानं. बांधणाऱ्यांनी ते मुळातच किंचित बाहेर कलते ठेवलेत.

गर्दीचं काय, हेही विचारलं जातं. मी गर्दी काढून टाकत नाही. चौथऱ्यावर माणसं असली तरच 73 मीटर म्हणजे किती ते कळतं. पश्चिमेच्या मशिदीची किंवा पूर्वेच्या मेहमानखान्याची लाल कमान पुढे घ्या, तिच्या सावलीत कुणीतरी पाठमोरं बसलेलं असतंच. थांबा थोडं, कमानीतून कुणी चालत जाईपर्यंत.

ट्रायपॉड आत नेऊ देत नाहीत, मुख्य मकबऱ्यात फोटोला बंदी आहे आणि ड्रोनचं नावच काढू नका. दर शुक्रवारी ताज पर्यटकांना बंद असतो. आग्र्यात शुक्रवारी पोहोचलात तर चिडू नका, किल्ला उघडा असतो. लांब लेन्स घेऊन तिकडे जा.