येळवशीची झोप

वेळा अमावास्येची, म्हणजे येळवशीची, संध्याकाळ आमच्या कॅज्युअल्टीत तशी निवांत जाते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची बरीच माणसं त्या दिवशी रानात असतात. ज्वारीच्या उभ्या पिकात पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील. आलेच तर पोट बिघडलेले दोघं-चौघं येतात.

त्या दिवशी दिवेलागणीला जीपमधून साठीचे एक गृहस्थ आले, खरं तर उचलून आणले. मुलगा जरा ओशाळलेलाच होता. "आंबील चढलीय आप्पांना, दुसरं काय नाही. आई ऐकेना म्हणून आणलं."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. येळवशीला जेवून चिंचेखाली आडवं होणं हा सणाचाच भाग आहे. दुपारी 1 ते 3 च्या सुमारास शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो, तो उपाशी माणसालाही जाणवतो. वर खीर-उंड्यांचं जड जेवण. पिठूळ, गोड खाल्लं की इन्सुलिन वाढतं, रक्तातली बाकीची अमिनो आम्लं स्नायूंत ओढली जातात आणि ट्रिप्टोफॅनला मेंदूत शिरायला वाट मोकळी होते. त्यातून सेरोटोनिन आणि पुढे मेलाटोनिन बनतं. अर्थात जेवणात डाळी, दाणे, ताक असलं की हा परिणाम बराच कमी होतो, आणि भज्जीत तर सगळी कडधान्यंच. आंबिलीला लोक उगाच बदनाम करतात. ज्वारीचं पीठ आणि ताक आंबतं ते मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळे. त्यात दारूसारखी नशा कुठली?

आणि जेवणाची झोप हाकेला उठते. कुरकुरत का होईना, माणूस "हां" म्हणतो. आप्पांना मी खांदा धरून हलवलं, छातीच्या हाडावर बोटांनी दाबलं, नुसते कण्हले. त्याहून मला खटकला तो त्यांचा सदरा. बाहेर डिसेंबरचा गारठा आणि सदरा घामानं पिळून काढावा इतका ओला.

"शुगर आहे का यांना?"

"आहे की. गोळी चालू आहे."

सिस्टरांनी तोवर बोटाला सुई टोचली होती. ग्लुकोमीटरवर आकडा आला 34. 70 च्या खाली गेली की आम्ही साखर कमी झाली म्हणतो, 54 च्या खाली ती धोक्याची. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण 20 टक्के ऊर्जा तो एकटा खातो आणि ती मुख्यतः ग्लुकोजमधून. ते तुटलं की माणूस आधी चिडचिडा होतो, बरळतो, मग गळून पडतो. घरच्यांना वाटतं, झोपला. बरं झालं, कुणी त्यांच्या तोंडात साखरपाणी ओतलं नव्हतं. बेशुद्धाच्या ते फुप्फुसात जातं.

शिरेतून 25 टक्क्यांचं डेक्स्ट्रोज 100 मिली दिलं. सलाइनची बाटली अडकवून होते न होते तोच आप्पांनी डोळे उघडले आणि मुलाला विचारलं, "बैलं सोडली का?"

मग हळूहळू हकिगत बाहेर आली. आज सणाचं जास्त खाणं होणार, म्हणून सकाळी त्यांनी ग्लिमेपिराइडच्या एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या होत्या. पूजेला उशीर झाला, तोवर पोटात काही नाही, वर रानातून फेऱ्या. आणि जेवायला बसल्यावर "मला शुगर आहे" म्हणून खीर-उंड्यांना हात लावला नाही! नुसती पातळ आंबील प्याले आणि आडवे झाले. आजूबाजूला सगळेच घोरत होते, त्यांच्याकडे कोण बघणार? एकट्या बायकोच्या लक्षात आलं की हे आज घोरत नाहीयेत.

मुलगा लगेच घरी न्यायला निघाला होता. मी सोडलं नाही. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत राहते, त्यामुळे वर आलेली साखर पुन्हा घसरते. त्यात आप्पांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढून 2.1 निघालं; मूत्रपिंड मंद असलं की गोळीचा अंमल आणखी लांबतो. रात्री अकराला साखर परत 58 वर आली, तेव्हा मुलगाच धावत सिस्टरांना बोलवायला गेला.

सकाळी फिजिशियननी गोळी बदलली. आप्पा विचारत होते, "मग सणासुदीला काय करायचं? डबल नाही घ्यायची?"

मी उत्तर देण्याआधीच त्यांच्या बायकोनं, मावशींनी, त्यांच्या खिशातली जुनी पाकिटं काढून आपल्या पिशवीत टाकली.

"आता गोळ्या माझ्याकडं राहतील."