किरणोत्सवाला जाताय? गाडी दसरा चौकाच्या पुढे नेऊ नका

चारचाकी घेऊन अंबाबाईच्या देवळाजवळ जायचा विचार सध्या डोक्यातून काढून टाका. मॅप काय म्हणतो, लॉजवाला काय म्हणतो, कोल्हापुरातला तुमचा मावसभाऊ काय म्हणतो, कुणाचंही ऐकू नका. माझ्या बाबतीत तिघांनीही 'रस्ता चालू आहे' असंच सांगितलं होतं.

मी आणि माझा धाकटा मेहुणा 10 नोव्हेंबरला पुण्याहून निघालो. किरणोत्सवाचा मधला दिवस. मावळतीचं ऊन पश्चिमेच्या महाद्वारातून शिरून थेट गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतं. नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारी. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी चेहरा, असा हिशेब. खेळ सगळा पावणेसहाच्या आसपासच्या काही मिनिटांचा. हायवेवर सहापदरीकरणाची सगळी वळणं खाऊनही आम्ही सव्वाचारला कोल्हापूरच्या वेशीवर, तावडे हॉटेलपाशी होतो. दीड तास हातात, म्हणून वाटेत चहासुद्धा घेतला. तो घ्यायला नको होता.

मिरजकर तिकटी या तिठ्यापर्यंत काही अडचण नाही. तिथून बिनखांबी गणेश मंदिराकडे वळलो आणि थोड्याच अंतरावर समोर आडवा निळा पत्रा. 'सुशोभीकरणाचे काम सुरू असल्याने रस्ता बंद. तसदीबद्दल क्षमस्व.' हा फलक कुठे, तर खड्ड्याच्या तोंडाशी! तोच तिकटीवर लावला असता तर कुणी आत वळलंच नसतं. मागे दोन टेंपो, एक दूधवाला आणि चुकून शिरलेली कर्नाटकची ट्रॅव्हल्स.

"दाजी, मॅप अजून निळाच दाखवतोय," मेहुणा म्हणाला.

मॅप निळा, पत्रा निळा. रिव्हर्स घेत घेत बाहेर पडायला पंचवीस मिनिटं गेली. बिंदू चौकातलं पार्किंग भरलेलं. शेवटी एका बोळातल्या मोकळ्या जागेत एकाने हात दाखवून गाडी आत घेतली आणि शंभर रुपये मागितले. पावती मागितली तर म्हणाला, "पावती कशाला, मी हाय की." 2013 साली सुरू झालेला टोल रस्त्यावर उतरून बंद पाडणारं हे गाव, आणि तिथे मी बिनपावतीचे शंभर मुकाट्याने दिले. घड्याळात पाच वाजले होते, भांडायला वेळ नव्हता.

मग रिक्षा. इथेच माझं सगळ्यात मोठं चुकलं. बिंदू चौकातून भवानी मंडपमार्गे देवळाचा पूर्व दरवाजा चालत दहा मिनिटांवर आहे. कोल्हापूरची रिक्षा एरवी मीटरवर चालते, म्हणून निर्धास्त बसलो. "फिरून जावं लागतंय पाव्हणं, दीडशे हुतील." फिरून फिरून त्याने आम्हाला आणून सोडलं कुठे? त्याच निळ्या पत्र्यापाशी. "हितनं आत चाला, समोर महाद्वार." परतीच्या रिक्षाला मीटरने याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही झाले नाहीत, म्हणजे दर वाईट नाहीत, माणूस वाईट भेटला.

आता पत्र्यामागच्या त्या खणलेल्या पट्ट्याबद्दल. मोजून दोनशे वीस पावलं, मी परतताना मोजली. डाव्या हाताला पुरुषभर खोल चर, त्यात सिमेंटचे पाइप. उजव्या हाताला दुकानांच्या पायऱ्या आणि चर यांच्यामध्ये जेमतेम दोन हात वाट. त्या वाटेवर मुरूम, खडी आणि धूळ बसावी म्हणून टँकरने मारलेलं पाणी, म्हणजे चिखल. तीन ठिकाणी फळ्या टाकून चर ओलांडायचा. मधली फळी हलते. समोरून माणूस आला की कुणीतरी एकाने दुकानात शिरायचं. दुकानं मात्र सगळी उघडी, आणि गिऱ्हाईक एकही नाही. एका बांगड्यांच्या दुकानात असंच शिरलो तर काउंटरवरच्या मावशी म्हणाल्या, "बसा घटकाभर. मी सकाळी पडलो हितंच." मेहुणा माझ्याकडे बघायला लागला. कोल्हापुरात बायकाही 'मी पडलो', 'मी येतो'च म्हणतात, हे त्याला रात्री समजावलं.

मावशींनीच खरी गोष्ट सांगितली. हा रस्ता कामाला काढायचा तर किरणोत्सव टाळून काढायला हवा होता, कारण हवेतली धूळ किरणांची धार बोथट करते. पटलं. किरणांच्या वाटेत येणारी बांधकामं हा इथला जुना वाद आहे. या देवळाचा प्रकाश बाहेरच्या रस्त्यावरून येतो, त्यामुळे ही बाजारपेठ म्हणजे एका अर्थी देवळाचाच भाग. तिथे दगडी फरशी आणि नक्षीचे दिवे बसवा, पण दिव्याच्या खांबाची उंची ठरवताना सूर्याला विचारा.

पाच चाळीसला आत पोचलो. गाभारा दिसण्याची आशाच नव्हती, पडद्यावर बघितलं. किरणं पायांवरून चढत चढत कमरेपर्यंत आली, तिथे थोडी थांबली आणि पुसट झाली. आरती सुरू झाली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. त्या भरात मी रिक्षावाल्यालासुद्धा माफ केलं होतं. पण गाडीपाशी गेलो तर 'टाइम जास्त झाला' म्हणून आणखी पन्नास, आणि माफी रद्द.

तर, धडधाकट असाल तर गाडी दसरा चौकात ठेवा आणि सरळ चाला: बिंदू चौक, भवानी मंडप, पूर्व दरवाजा. साडेचारला पोचा, पाचला नको. पायात मागे पट्टा असलेले सँडल. नव्या कोल्हापुरी चपला घालून तो खणलेला रस्ता ओलांडायची हौस मेहुण्याने केली, त्याच्या दोन्ही टाचा सोलल्या. चपला घ्या, पण पिशवीत ठेवा. सोबत गुडघे दुखणारं माणूस असेल तर बिनखांबीची बाजू विसराच. रंकाळ्याकडून येणाऱ्यांना ताराबाई रोड मोकळा मिळाला, असं रांगेतले लोक सांगत होते. आम्ही त्या बाजूने गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी ज्योतिबा आणि पन्हाळा केला. छान झाला. पांढरा रस्साही झकास.

आणि एक. रात्री नऊनंतर तो पत्रा एका बाजूने सरकवतात आणि दुचाकी सुटते. हे बघून कुणी चारचाकी आत घातली, तर मधल्या फळीपाशी त्याची माझ्याशी भेट होणार नाही. मी दसरा चौकात असेन.