बरणीतला हात

लोणच्याची बरणी धुताना परवा दुपारी माझा हात आत अडकला. गावातली विजेची डीपी जळून तीन दिवस झालेले, पंखा बंद, हात घामानं निसरडा, तरी निघेना. बायको म्हणाली, "कावून घातला हात? काडीले फडकं बांधा म्हटलं होतं ना तुमाले!" म्हटलं होतं. पण काडीनं पुसलेली काच ही पुसलेली नसतेच, हा माझा जुना हट्ट.

लहानपणी कंदिलाची काच पुसायचं काम माझ्याकडे होतं, कारण घरात माझाच हात आत जायचा. दिवस कलला की आई चुलीतली राख आणि जुन्या धोतराचं फडकं पुढ्यात टाकायची. त्याआधी मात्र हातातलं कडं काढून घ्यायची. ओरखडा पडला की काच तिथूनच तडकते म्हणे. मी काचेत तोंड घालून 'हाऽऽ' करायचो, वाफ धरली की राखेचं फडकं फिरवायचो आणि मग उजेडाकडे धरून काजळीचा शेवटचा ठिपका शोधत बसायचो. तो सापडला नाही तर करमायचं नाही. सातवीत मनगट अडकायला लागलं आणि काम धाकट्या बहिणीकडे गेलं. मी मोठा झाल्याचं घरात एवढंच काय ते जाहीर झालं. ती काडीनं पुसायची, हे आजही सांगून ठेवतो.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारट, समुद्राशी नातं तेवढंच. खरा समुद्र पाहिला तो पन्नाशीत, भाच्याकडे अलिबागला गेलो तेव्हा. त्यानं थळच्या बंदरातून कोळ्यांच्या होडीनं खांदेरीला नेलं. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी हे बेट बांधायला घेतलं, इंग्रजांनी गलबतं आणून अडवलं, पण महाराजांच्या आरमाराचे मायनाक भंडारी हटले नाहीत, असं सगळं भाचा उत्साहानं सांगत होता आणि मी दोन्ही हातांनी होडीची कड धरून 'हो हो' म्हणत होतो. बेटावर एक दगड आहे, ठोकला की पितळी गुंडासारखा वाजतो. तो ठोकला. वेताळाला हात जोडले. मग १८६७ चं लाइटहाऊस.

वर पोचल्यावर सगळे समुद्र बघायला लागले. मी काच बघत होतो. एवढी काच! कोण पुसत असेल?

वरच्या त्या काचेच्या खोलीला इंग्रजीत 'लँटर्न रूम' म्हणतात, म्हणजे सरळ कंदीलच की. तेलावर दिवे जळत तेव्हा राखणदाराचा दिवस वाती कातरण्यात आणि काचा पुसण्यातच जायचा. अमेरिकेत तर त्यांना 'विकी'च म्हणत, विक म्हणजे वात. आणि भिंगं पुसताना अंगातल्या कपड्यांची बटणं घासू नयेत म्हणून तिकडे लिननचा एप्रन घालावा लागे. हे नंतर वाचलं तेव्हा थेट माझं कडंच आठवलं.

परतताना होडीवाल्या दादांना विचारलं, रात्री ही बत्ती दिसली की बरं वाटत असेल ना? ते म्हणाले, "बत्ती दिसली की लांबून जायचं. खाली खडक हायेत." आमच्या ओसरीवरचा कंदील तर शेतातल्या जागलीवरून येणाऱ्या बाबांना घराकडे बोलवायचा. यावरून होडीत मला काहीतरी फार मोठं सुचलं होतं, पण तेवढ्यात लाट अंगावर आली आणि ते गेलं ते गेलंच.

हात शेवटी गोडं तेल सोडल्यावर निघाला. पण तळाशी मसाल्याचा एक डाग तसाच राहिला. शेजारची सहा वर्षांची पोट्टी अंगणात खेळत होती, तिला बोलावलं.

"हातातल्या बांगड्या काढ माय आधी."

"कायले? प्लास्टिकच्या हायेत."

होत्या खऱ्या. तरी काढायला लावल्या.