सात रेघा

पप्पांच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, ‘शास्ते’ नावाच्या पुस्तकाच्या समासात शिसपेन्सिलीच्या सात उभ्या रेघा आहेत. इस्राएल लोकांनी परमेश्वराच्या दृष्टीने वाईट ते केलं, असं येतं तिथे रेघ. पुढे ते कण्हले किंवा त्यांनी धावा केला, तिथे बारीकसा गोल. पप्पा गेल्यावर पुस्तक माझ्याकडे आलं. रेघा दिसायच्या, पण मोजल्या कधी नव्हत्या.

मागच्या रविवारी शब्बाथशाळेत गिदोनाचा धडा होता. बापाची बआल या परक्या देवाची वेदी रातोरात फोडणारा इस्राएलांचा पुढारी गिदोन, आणि विजयानंतर लोकांकडून १७०० शेकेल वजनाची सोन्याची कुंडलं घेऊन एफोद, म्हणजे याजकाचं पवित्र वस्त्र, घडवणारा गिदोनही तोच. मग सगळे इस्राएल लोक देवाला सोडून त्या एफोदाच्याच नादी लागले. एक मुलगा म्हणाला, “बाई, हे परत परत तेच करतात. देव चिडत नाही का?” वेळ संपत आली होती. “देव प्रेमळ आहे,” म्हणून मी धडा आवरला.

घरी येईपर्यंत ते उत्तर मला टोचत होतं. कारण देव चिडतो.

ते लोक बआलाकडे का वळत, हे आम्हा नगरकडच्यांना तरी समजायला हवं. ते राहत त्या कनान देशाच्या डोंगरात नाईलसारखी नदी नाही, पीक सगळं पावसावर. आणि तिथल्या लोकांचा पावसाचा देव बआल. मिसरातून, म्हणजे इजिप्तातून, सोडवणारा परमेश्वर खरा, पण वावरात पाणी कोण देणार? मृग कोरडा गेला की आमच्या घरात जेवताना कोणी बोलत नसे. ती भीती मला माहीत आहे.

दहाव्या अध्यायात तर सात प्रकारचे देव मोजून सांगितलेत. शेजारचे अम्मोनी लोक १८ वर्षं छळतात, लोक धावा करतात. परमेश्वर म्हणतो, सात जणांच्या हातून तुम्हाला सोडवलं, आता नाही. जे देव निवडलेत, त्यांनाच हाका मारा. मग लोक परके देव टाकून देतात. पुढे ‘म्हणून देवाने क्षमा केली’ असं असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तसं तिथे नाहीच. इस्राएलाचे हाल त्याला सोसवेनात, एवढंच आहे. मूळ इब्रीत शब्दशः ‘त्याचा जीव आखूड झाला’. अरण्यात वाट तुडवून थकलेल्या लोकांसाठी आणि दलीला या प्रेयसीच्या तगाद्याने जेरीस आलेल्या बलवान शमशोनासाठी हेच शब्द आहेत. आपण म्हणू, जीव मेटाकुटीला आला. देवाचा! हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटलं नाही.

मग तेरावा अध्याय. सातवी रेघ आहे, गोल नाही. पलिष्टी या शत्रूंच्या हाताखाली ४० वर्षं, आणि धाव्याचा एक शब्द नाही. मी दोनदा शोधला. तरी पुढच्याच वचनांत सरा गावचा मानोहा, शमशोनाचा होणारा बाप, येतो, त्याची मूलबाळ नसलेली बायको येते, आणि तिच्यासमोर परमेश्वराचा दूत उभा राहतो. कोणी हाक मारलेली नसताना.

या वचनाखाली पप्पांनी आडवी रेघ ओढली आहे, इतकी दाबून की पान मागून उठलंय.

येत्या रविवारी हे पुस्तकच वर्गात नेणार आहे. त्या मुलाला रेघा मोजायला सांगीन, आणि तेराव्याशी आला की ते पान मागच्या बाजूने बोटाने चाचपून पाहायला.